उशा किती लागतात, विचारलंत का?

दार लावून घ्या आणि बसा. मोबाइल खिशात. आज राउंडला जे झालं, ते पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या समोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथे गप्प राहिलो. आता बोलतो, आणि मधे कुणी ‘पण सर’ म्हणायचं नाही.

चौदा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची केस तुम्ही सांगितलीत. छान सांगितलीत, घडाघडा. इजेक्शन फ्रॅक्शन 20 टक्के, क्रिएटिनिन 2.1, सोडियम 128, छातीत उजवीकडे पाणी, लॅसिक्सची मात्रा मागच्या वेळेच्या दुप्पट. एक आकडा चुकला नाही. मग मी विचारलं, हे गृहस्थ घरी झोपतात कसे? तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. या वर्षातली त्यांची ही चौथी भरती, चारही वेळा याच युनिटमध्ये. चार केसपेपर, आधीची तीन डिस्चार्ज कार्डं, इकोचे चार रिपोर्ट. आणि माणूस रात्र कशी काढतो ते कुणालाच ठाऊक नाही.

सुनेला विचारलं, तर तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तीन महिने ते आडवे झालेले नाहीत. पत्र्याच्या पेटीवर गादीची वळकटी ठेवायची, तिच्यावर कपाळ टेकायचं आणि बसल्या बसल्या डोळा लागला तर लागला. पाय सुजतात म्हणून चपलेचा पट्टा ब्लेडने कापून घेतलाय. रात्री दोन-तीनदा जीव घाबरा होतो, उठून खिडकीच्या गजांना धरून उभे राहतात. तीही उठते, पाठीवरून हात फिरवत बसते आणि सकाळी सातला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आणि तुमच्या केसपेपरवर काय लिहिलंय? ‘औषधे नियमित घेत नाही.’ बस. पुढे प्रश्न नाही, उत्तर नाही.

का घेत नाहीत, ते तरी विचारायचं. गावाहून इथे यायला एसटीने साडेतीन तास लागतात. लॅसिक्स घेतली की तासाभरात दोन-तीनदा लघवीला जावं लागतं. म्हातारा माणूस भरल्या गाडीत कंडक्टरच्या किती विनवण्या करणार? एकदा धोतर ओलं झालं. तेव्हापासून इकडे यायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून ते गोळीच बंद करतात. मग तपासणीला येतात तेच सुजून. तुम्ही वजन बघता, भुवया चढवता आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल करता. ‘प्रवासाच्या दिवशी गोळी उतरल्यावर घ्या, पण चुकवू नका,’ एवढं एक वाक्य त्यांना चार भरत्यांत कुणी सांगितलं नाही. त्यासाठी एमडीही लागत नाही.

मी म्हणालो, यांना पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपशामक सेवेची गरज आहे, तिकडच्या टीमला बोलवा. त्यावर मागून दोन वाक्यं आली. आवाज मला ओळखता येतात, नावं घेत नाही. पहिलं, ‘सर, पण यांना कॅन्सर कुठेय?’ दुसरं, ‘सर, अजून तेवढी वेळ आलेली नाही.’ तुम्हाला इथे बसवलंय ते या दोन वाक्यांसाठी.

आधी पहिलं घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडलेला आहे. पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्या प्रौढांमध्ये सर्वांत मोठा गट कॅन्सरचा नाही. तो हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा आहे, 38.5 टक्के. कॅन्सर 34 टक्क्यांवर, त्याच्याखाली. जगात दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख माणसांना ही सेवा हवी असते आणि जेमतेम 14 टक्क्यांना मिळते. त्या उरलेल्यांत आपल्या वॉर्डातली किती माणसं बसतात, याचा विचार तुम्हीच करा.

तुमची समजूत अशी का झाली, हे मला कळतं. ही विद्या वाढलीच कॅन्सरच्या अंगणात. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. त्यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं, तिथले बहुतेक रुग्ण कॅन्सरचे होते. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला 1986 साली, शांती अवेदना सदन. तेही कॅन्सरच्या रुग्णांसाठी. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 चं, तिथेही सुरुवात कॅन्सरपासूनच. या विषयातली एमडी देशात प्रथम 2012 साली सुरू झाली, तीसुद्धा टाटा मेमोरियलमध्ये. मग दवाखान्यात वाढलेल्या पोराला वाटणारच की ही सेवा म्हणजे कॅन्सर वॉर्डाची खासगी मालमत्ता. पण सॉन्डर्सबाईंनी वेदनेचे जे चार पदर सांगितले, म्हणजे शरीराचा, मनाचा, घरादाराचा आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाचा, त्यांतला कुठला पदर चौदा नंबरच्या आजोबांकडे नाही? केरळने 2008 साली पॅलिएटिव्ह केअरचं राज्यधोरण केलं. तिथे गावोगावचे स्वयंसेवक आणि नर्स घरी जातात ते आजाराचं नाव विचारून नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस दिसला की जातात. तुमच्याकडे मात्र आधी बायॉप्सीचा रिपोर्ट मागतात!

आता दुसरं वाक्य, ‘वेळ आलेली नाही’. हे जास्त घातक आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

कॅन्सरच्या पुष्कळ रुग्णांचा उतार बराच काळ सौम्य असतो आणि मग थोड्या महिन्यांत झपाट्याने येतो. घरच्यांना दिसतो, डॉक्टरला दिसतो. हृदय निकामी होत जाणाऱ्याचं तसं नसतं. दम लागतो, भरती होते, शिरेतून लॅसिक्स जातं, तीन दिवसांत सहा किलो पाणी उतरतं, आजोबा उठून बसतात, चहा मागतात. तुम्ही खूश, घरचे खूश. पण ओहोटी लागली की लाटा किनाऱ्याकडे येतच राहतात, फक्त प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा चार बोटं खालीच थांबते. मागच्या वर्षी देवळापर्यंत चालत जाणारा माणूस पहिल्या भरतीनंतर अंगणापर्यंत, दुसऱ्या भरतीनंतर ओट्यापर्यंत आणि आता न्हाणीघरापर्यंत. एडिंबरोच्या स्कॉट मरे यांनी आणि अमेरिकेत जोआन लिन यांनी हा आलेख वीस वर्षांपूर्वीच काढून दाखवला. त्यावर परीक्षेत टीप आली तर तुम्ही लिहाल. वॉर्डात तोच आलेख डोळ्यांसमोर श्वास टाकत पडलेला असतो, तेव्हा मात्र तुम्हाला फक्त या वेळचं वजन दिसतं.

आणि या आलेखाला एक वाईट खोड आहे. कुठल्या बुडीतून माणूस वर येणार नाही, ते आधी सांगता येत नाही. मधेच एखाद्या रात्री ठोक्यांची लय बिघडते आणि खेळ संपतो, त्याला बुडीचीही गरज लागत नाही. म्हणजे ‘वेळ आली’ असं कपाळावर लिहून येईपर्यंत थांबाल, तर तुम्ही पोचाल ते मृत्यूचा दाखला लिहायलाच. मरण नक्की होईपर्यंत दुःखाची चौकशी करायची नाही, हा नियम तुम्हाला शिकवला कुणी? मी तर नाही शिकवला.

आकडाच हवा असेल तर आपल्या देशातला घ्या. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत 18 रुग्णालयांतल्या 1,205 रुग्णांचा पाठपुरावा झाला. पाच वर्षांत त्यांतले 59 टक्के गेले. सरासरी वय साठीच्या जेमतेम पुढे. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा आपला रुग्ण साधारण दहा वर्षांनी तरुण असतो, म्हणजे त्याच्यामागे पोरीचं लग्न, बँकेचं हप्त्याचं पुस्तक, सगळं उरलेलं असतं. कित्येक कॅन्सरचे आकडे याहून बरे आहेत. पण कॅन्सर म्हटलं की तुम्ही आवाज खाली आणता, खुर्ची ओढून बसता. हार्ट फेल्युअर म्हटलं की ‘मीठ कमी करा, पाणी दीड लिटर, महिन्याने दाखवा’. पुढचा.

मग ओळखायचं कसं? आता वही काढलीत, बरं झालं.

एक प्रश्न आहे, जोआन लिन यांनीच रूढ केलेला. ‘हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का?’ तो रुग्णाला नाही, स्वतःला विचारायचा. उत्तर ‘नाही वाटणार’ असं आलं की पुढच्या कामाला लागायचं. पण या प्रश्नाला देव्हाऱ्यात बसवू नका. तो हृदयाच्या बाबतीत पुष्कळदा फसतो, कारण आपण आपल्या रुग्णांविषयी जरा जास्तच आशावादी असतो. दार ठोठावण्यापुरता तो उपयोगी.

खुणा बघायच्या. एडिंबरोहून आलेलं स्पिक्ट नावाचं एक पानी साधन आहे, ते छापून ड्युटीरूममध्ये लावा. सध्या तिथे पिझ्झाच्या दुकानाचा कागद आहे. त्यातलं मर्म सांगतो. न ठरवता पुन्हा पुन्हा होणारी भरती. दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ खाटेत किंवा खुर्चीत. औषधं पूर्ण दिलेली असतानाही बसल्या जागी किंवा दोन पावलांत दम. अंगावरचं मांस झडणं; आणि लक्षात ठेवा, सूज वजन झाकते, म्हणून काटा बघू नका, दंड आणि गालफडं बघा. हृदयाच्या बाजूने आणखी काही खुणा जोडा. रक्तदाब इतका खाली की ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं त्याच कमी कराव्या लागतात. मूत्रपिंडं कुरकुरायला लागलेली. सोडियम घसरलेलं. लॅसिक्सची मात्रा दर भेटीला चढती. हृदयाला जोर देणारी शिरेतली इनोट्रोप काढली की माणूस खाली, लावली की वर. यांतल्या दोन-तीन खुणा एका माणसात दिसल्या आणि तरी तुम्हाला ‘वेळ आलेली नाही’ असं वाटत असेल, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

पण ऐका, या सगळ्या खुणांनी फक्त आजाराची पायरी कळते. गरज त्यावरून कळत नाही. गरज कळते विचारल्यावर, आणि इथेच तुमचं घोडं पेंड खातं. इजेक्शन फ्रॅक्शन 20 असलेला एखादा माणूस रोज बाजारात जाऊन भाजी आणतो; 40 असलेली बाई रात्रभर रडते. इकोच्या मशीनला हे दिसत नाही. ऑस्ट्रेलियात खास हार्ट फेल्युअरसाठी गरजा तपासण्याचा एक तक्ता तयार झालाय, लंडनचा आयपॉस आहे. दोन्हीकडे पद्धत एकच, माणसाला विचारा आणि घरच्यांनाही विचारा.

विचारायचं म्हणजे ‘काय आजोबा, कसं वाटतंय?’ नव्हे. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘बरंय साहेब’. साहेबांसमोर तक्रार करू नये हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे, आणि तुमचा एक पाय आधीच पुढच्या खाटेकडे वळलेला त्यांना दिसतो. प्रश्न असे विचारा की ‘बरंय’ म्हणून सुटताच येणार नाही. रात्री उशा किती लागतात? आडवं पडून की टेकून? रात्री दचकून उठता का? चप्पल घालायला वाकलात की दम भरतो का? संडासला उकिडवं बसवतं का? या आठवड्यात जेवणाचं ताट किती वेळा पुरं झालं? पोट गच्च होतं का? अंगाला खाज येते का? दुखतं कुठे? हा शेवटचा प्रश्न तर तुम्ही कधीच विचारत नाही, कारण हार्ट फेल्युअरमध्ये दम लागतो, दुखत नाही, असा तुमचा समज. दुखतं. गुडघे दुखतात, पाठ दुखते, सुजलेल्या पायांची कातडी ताणून ठणकते, ताणलेल्या यकृतामुळे बरगडीखाली सतत कळ असते. तुम्ही विचारत नाही, म्हणून ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणतात. ती गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडाला मारते आणि पंधरा दिवसांत माणूस परत तुमच्या वॉर्डात. चौदा नंबरच्या आजोबांच्या पिशवीत पाहिलंत का? मी पाहिलं. दोन पट्ट्या होत्या. तुम्ही या भरतीचं कारण लिहिलंय ‘आहारातील अनियमितता’.

‘सर, एवढं विचारायला वेळ कुठेय?’ कुणी बोललं नाही, पण चेहऱ्यावर वाचतोय. ओपीडीत दोनशे माणसं असतात, हे मला सांगू नका, ती ओपीडी मीच चालवतो. पण वॉर्डात? नडगीवर अंगठा दाबून धरता, सूज बघायला. अंगठा दाबायचा, मनात अंक मोजायचे, मग खड्डा किती खोल पडला ते बोटाने चाचपायचं, मग दुसरा पाय. तेवढा वेळ तोंड रिकामंच असतं ना? तेव्हा उशांचं विचारा. कफ हाताला बांधताना झोपेचं विचारा. आणि त्या तपासण्या, ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि तरी तुम्ही तिसऱ्यांदा पाठवता, त्यांतली एक वाचवलीत तरी घरच्यांशी बसून बोलायला वेळ निघेल.

घरच्यांचं वेगळं सांगतो, कारण त्यांना तुम्ही फक्त औषधं आणायला पिटाळता. हा आजार घरातली एक बाई उचलते. बायको, सून, कधी मुलगी. तिची झोप, तिची मजुरी, तिची पाठ. तिला बाजूला घेऊन एकदा विचारा, ‘तुम्ही कधी झोपता?’ बहुतेक वेळा आधी डोळ्यांना पदर लागतो, उत्तर नंतर येतं. पैशाचंही विचारा, आणि लाजू नका. नवीन गोळीची चिठ्ठी तुम्ही झोकात लिहून देता, ती दहाच दिवसांची का घेतली जाते, उरलेले वीस दिवस का कोरडे जातात, हे समाजसेवा अधीक्षकांना तुमच्याआधी कळतं. त्यांना बोलवायचं काम तुमचं आहे. फोन तिथेच भिंतीला आहे.

आता एक गैरसमज मुळापासून उपटतो. पॅलिएटिव्ह टीमला बोलवलं म्हणजे आपण उपचार सोडले, असं नाही. हृदयाच्या बाबतीत तर अजिबात नाही. हृदयाची नीट दिलेली औषधं हाच या माणसाच्या त्रासावरचा सर्वांत मोठा उतारा आहे. लॅसिक्स बंद केलंत तर तो बुडूनच मरेल, मग कसलं आलंय उपशमन? दोन्ही हात एकदम चालवायचे. ड्यूक विद्यापीठात 150 रुग्णांवर पाल-एचएफ नावाची चाचणी झाली, 2017 साली छापून आली. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला पॅलिएटिव्ह टीम. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचं जगणं बरं होतं, मनावरचं दडपण, धास्ती कमी होती. मरणाच्या आकड्यात फरक नव्हता. म्हणजे ‘पॅलिएटिव्ह लावलं की माणूस लवकर जातो’ ही तुमची मेसमधली अफवाही गेली. झडपेचं ऑपरेशन बाकी आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे, तरी त्याचा आजचा दम आजच कमी करायचा असतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की तुम्ही हात मागे घेता. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली, ती वेदनेत तळमळणाऱ्या माणसापर्यंत ही औषधं पोचावीत म्हणूनच. तरी कपाटाच्या किल्लीला तुम्ही बिचकता. मात्र आता उलट्या टोकाला जाऊ नका. हृदयाच्या रुग्णाच्या दमावर मॉर्फिनचा पुरावा एकसारखा नाही, मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते अंगात साठतं. म्हणून आधी पाणी नीट काढा, नाडीचा वेग आवरा, पाठीला टेकू द्या, छोटा पंखा हातात द्या आणि वारा गालांवर, नाकाशी घ्यायला सांगा. हसू नका, पंख्याच्या चाचण्या झालेल्या आहेत. एवढं करूनही जीव तडफडत असेल तर पॅलिएटिव्हवाल्यांच्या सल्ल्याने अगदी लहान मात्रा, आणि सोबत पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून. या रुग्णाने संडासला कुंथत बसणं तुम्हाला परवडणारं नाही.

अजून एक. तुम्ही म्हणता, नातेवाईक सांगतात, ‘आजोबांना काही सांगू नका, धीर सोडतील.’ आणि तुम्ही लगेच मान डोलावता, कारण तुमचीही सुटका होते. ज्या माणसाने मागच्या महिन्यात पोरांना बोलावून रानाची वाटणी करून टाकली, त्याला काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं? सगळं भसाभसा ओकून टाका असंही मी म्हणत नाही. आधी त्यांनाच विचारा, ‘आजोबा, आजाराविषयी तुम्हाला किती ऐकायचंय? तुमच्याशी बोलू, की मुलाशी?’ ते म्हणाले मुलाशी, तर मुलाशी. ते म्हणाले मला सांगा, तर दार लावा, बसा आणि सांगा. मग विचारा, पुढच्या वेळी दम वाढला तर काय करावंसं वाटतं, पुन्हा इथे यायचं, व्हेंटिलेटर लावायचा, की घरी माणसांत राहायचं. हे शेवटच्या रात्री आयसीयूच्या दारात, चप्पल काढून उभ्या असलेल्या पोराला विचारायचे प्रश्न नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. जानेवारी 2023 मध्ये पद्धतही सोपी केली. दंडाधिकाऱ्याकडे खेटे घालायला नकोत, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. गोव्यात 2024 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. तुमच्यापैकी कितीजणांनी त्याचा नमुना डोळ्यांनी पाहिलाय? हात वर करा. बरं, खाली घ्या. वर नव्हतेच.

आणि ज्यांच्या छातीत आयसीडी बसवलंय, त्यांच्याशी तर हे बोलणं टाळताच येत नाही. ते यंत्र लय बिघडली की झटका देतं, आणि मरणाऱ्या हृदयाची लय बिघडतेच. अमेरिकेत 2004 साली असं यंत्र असलेल्या मृत रुग्णांच्या 100 नातेवाइकांना विचारलं. झटके बंद करण्याचा विषय डॉक्टरांनी काढल्याचं फक्त 27 जणांनी सांगितलं. आठ रुग्णांना मरणाच्या शेवटच्या मिनिटांत झटके बसले होते. यंत्राचा झटक्याचा भाग बंद करता येतो, पेसमेकरचा चालू ठेवता येतो, त्याने कुणी मरत नाही. अडीअडचणीला छातीवर लोहचुंबक ठेवूनही झटके थोपवता येतात. इमर्जन्सीच्या ट्रॉलीत तो चुंबक कुठल्या खणात आहे, हे सिस्टरना माहीत आहे. तुम्हाला नाही.

आणि हा म्हाताऱ्यांचा विषय आहे, असं मनात धरून बसला असाल तर बायकांच्या वॉर्डात सात नंबरची पोरगी बघून या. वय 26. लहानपणी संधिवाताचा ताप आला होता, घशाच्या दुखण्यावर दोन रुपयांची गोळी मिळाली नाही. झडप बिघडली, एकदा फुग्याने उघडली, पुन्हा आवळली. मूल होऊ द्यायचं नाही असं तुम्ही तिला सांगितलंत, ते बरोबर सांगितलंत. पण त्या वाक्यानंतर सासरी तिचं काय झालं, हे विचारलंत? ती चार महिने माहेरी आहे. तिच्या केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही, बोलत नाही’ असं लिहून तुम्ही तिला मानसोपचाराचा कागद चिकटवून मोकळे झालात. तिची आई रोज दुपारी डबा घेऊन येते. आज ती यायच्या आत जा, आणि घड्याळ न बघता बसा.

शेवटी एक वाक्य मी या वॉर्डात पुन्हा ऐकणार नाही. ‘आता आमच्या हातात काही नाही.’ तुमच्या हातात पुष्कळ आहे. पाठीमागे टेकू लावणं तुमच्या हातात आहे, खाज थांबवणं आहे, डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या फेकून पॅरासिटामॉल लिहिणं आहे, गोळीची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवणं आहे. यातलं काहीही न करता हात वर करणारा डॉक्टर आजारापुढे हरलेला नसतो, तो कामचुकार असतो.

सोमवारपासून हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली चार ओळी दिसल्या पाहिजेत. झोप कशी लागते. सगळ्यांत जास्त त्रास कशाचा, रुग्णाच्याच शब्दांत. घरी बघणारं कोण आणि त्या माणसाची तब्येत कशी. पुढच्या वेळी दम वाढला तर काय करायचं ठरलंय, आणि रात्री फोन कुणाला करायचा. इंग्रजीत नको, त्यांच्या गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरला वाचता येईल अशा मराठीत. खाली सही माझी लागते. चारपैकी एक ओळ रिकामी असली, किंवा त्यात ‘ठीक’ असं लिहिलेलं असलं, तर कार्ड परत येईल. रात्री अकराला आणलंत तरी परत येईल. आता सात नंबरला कोण जातंय?